अल्ब्युमिन वाढले, पण पायांत बळ का आले नाही?

प्रश्न : माझे वय ३६ असून माझ्या वडिलांचे ७१ आहे. दोन महिन्यांपूर्वी त्यांना न्यूमोनिया झाला आणि नऊ दिवस रुग्णालयात राहावे लागले. घरी सोडताना केलेल्या रक्ततपासणीत एकूण प्रथिने ६.१ आणि अल्ब्युमिन ३.१ आले. ‘प्रथिने कमी झाली’ असा अर्थ काढून आम्ही लगेच प्रोटीन पावडर आणली आणि दिवसातून तीन वेळा पेलाभर देऊ लागलो. सहा आठवड्यांनी अल्ब्युमिन ३.६ झाले, म्हणून सगळ्यांना आनंद झाला. परंतु वडिलांना अजूनही हात टेकल्याशिवाय खुर्चीवरून उठता येत नाही, जिन्यात कठडा सोडवत नाही आणि ६६ किलोचे वजन ६२ वर आले आहे. जेवणही निम्म्यावर आले आहे. त्यांचे क्रिएटिनिन मात्र ०.५ आहे, त्यामुळे मूत्रपिंडांची काळजी नाही. सोबत मी माझीही तपासणी करून घेतली. माझी एकूण प्रथिने ७.६ आणि अल्ब्युमिन ४.७ आहे. मी दिवसभर बसून काम करते आणि व्यायाम असा काही करत नाही, तरीही माझे स्नायू चांगले आहेत असे समजावे का? वडिलांची पावडर वाढवावी का, आणि ही तपासणी दर महिन्याला करावी का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमच्या पत्रात दोन निरीक्षणे शेजारी शेजारी आली आहेत आणि तुमच्या बहुतेक प्रश्नांचे उत्तर त्यांच्यातच आहे. अल्ब्युमिन ३.१ वरून ३.६ झाले, पण खुर्चीवरून उठणे जमले नाही. आकडा आणि पाय एकाच गोष्टीविषयी बोलत असते, तर दोन्ही बरोबरीने सुधारले असते. ते तसे सुधारले नाहीत, कारण तो आकडा स्नायूंविषयी बोलतच नव्हता.

घोटाळ्याचे मूळ ‘प्रथिने’ या एकाच शब्दात आहे. अहवालातली प्रथिने, पावडरीच्या डब्यावरची प्रथिने आणि मांडीतली प्रथिने यांना आपण एकच नाव देतो आणि ती एकाच टाकीतली आहेत असे धरून चालतो. रक्ततपासणीत मोजली जाणारी प्रथिने मुख्यतः दोन गटांतली असतात : अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन. अल्ब्युमिन यकृतात तयार होते, रोज साधारण १० ते १५ ग्रॅम, आणि तयार झालेल्यापैकी निम्मे नाहीसे व्हायला जवळपास तीन आठवडे लागतात. रक्तवाहिन्यांतले पाणी वाहिन्यांतच धरून ठेवणे आणि कॅल्शियम, बिलिरुबिन, मेदाम्ले, अनेक औषधे असा माल इकडून तिकडे वाहून नेणे ही त्याची कामे. स्नायू आखडवणारी अॅक्टिन आणि मायोसिन ही प्रथिने स्नायूच्या तंतूतच घडतात आणि तिथेच राहतात. रक्तात येऊन अहवालात उमटणे हे त्यांचे काम नाही. दोन्ही ठिकाणी कच्चा माल तोच, म्हणजे अन्नातून मिळणारी अमिनो आम्ले, पण कारखाने वेगळे आहेत आणि एकाच्या उत्पादनावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही.

मग न्यूमोनियात अल्ब्युमिन का उतरले? शरीरात जंतुसंसर्गामुळे दाहप्रक्रिया सुरू झाली की यकृत आपला कामाचा क्रम बदलते. सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन, फायब्रिनोजेन अशी संकटकाळात लागणारी प्रथिने ते भराभर तयार करते आणि अल्ब्युमिनचे उत्पादन मागे ठेवते. त्याच वेळी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती काहीशा पाझरू लागतात, अल्ब्युमिन आजूबाजूच्या पेशीजालात निसटते, आणि शिरेतून सलाइन चालू असेल तर उरलेलेही पातळ होते. जरा हिशेब करून पाहा : ज्या पदार्थाचे निम्मे प्रमाण नाहीसे व्हायला तीन आठवडे लागतात, तो केवळ चार दिवस नीट न जेवल्यामुळे आजारपणात दिसतो तसा झपाट्याने खाली येईल कसा? उलट दिशेचा पुरावाही आहे. दीर्घकाळ अत्यल्प खाऊन हाडांचा सापळा झालेल्या, पण संसर्ग नसलेल्या माणसांत अल्ब्युमिन पुष्कळदा शेवटपर्यंत जवळपास सामान्य राहते. या सगळ्याचा विचार करूनच अमेरिकेतील पोषणतज्ज्ञांच्या ‘अॅस्पेन’ या संस्थेने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या भूमिकापत्रात स्पष्ट म्हटले की, अल्ब्युमिन आणि प्रीअल्ब्युमिन (यकृतातच तयार होणारे दुसरे एक प्रथिन) ही दाहाची खूण आहे, पोषणाचे किंवा स्नायूंच्या वस्तुमानाचे मोजमाप नव्हे.

तेव्हा तुमच्या वडिलांचे अल्ब्युमिन वर आले, याचे श्रेय बहुधा संसर्ग ओसरल्याला आहे. पावडर त्या वेळी घरात होती, म्हणून तिला ते मिळाले. अल्ब्युमिन निरर्थक आहे असे मात्र मी म्हणत नाही. वृद्धांमध्ये कमी अल्ब्युमिन आणि अशक्तपणा अनेकदा एकत्र आढळतात, पण त्याचे मोठे कारण असे की ज्या आजाराने अल्ब्युमिन उतरते, तोच आजार स्नायूही झिजवतो. ताप उतरला की यकृत आपले काम पूर्ववत करते. स्नायूंना मात्र तशी आपोआप परतण्याची सोय नाही.

शरीराला चरबी साठवता येते, थोडी साखरही साठवता येते. अमिनो आम्लांसाठी मात्र वेगळे कोठार नाही. तापात, संसर्गात, उपासमारीत ती लागली की स्नायू मोडून काढली जातात. त्यात अंथरुणाला खिळणे आले की दुहेरी घट होते. निरोगी वृद्ध स्वयंसेवकांना केवळ १० दिवस अंथरुणात ठेवून केलेल्या एका अभ्यासात, त्यांच्या पायांतील चरबीविरहित वस्तुमान सुमारे एक किलोने घटले होते. ती माणसे आजारी नव्हती, त्यांना ताप नव्हता आणि जेवण नियमित होते. तुमच्या वडिलांनी नऊ दिवस ताप, धाप आणि अन्नावरची वासना उडालेली अशा स्थितीत काढले. चार किलो वजन घटले, म्हणजे मूळ वजनाच्या सहा टक्के. त्यात मांड्यांचा वाटा मोठा असणार.

आता त्या क्रिएटिनिनविषयी. तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य तेच आहे. स्नायूंमध्ये क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो आणि त्यातला रोज जेमतेम दोन टक्के भाग क्रिएटिनिन होऊन रक्तात उतरतो, तेथून मूत्रपिंडे तो बाहेर टाकतात. रक्तातले प्रमाण म्हणूनच दोन गोष्टींवर ठरते : किती तयार झाले आणि किती बाहेर गेले. वाढलेल्या आकड्याचा अर्थ आपण मूत्रपिंडाशी लावतो, तो योग्यच आहे. पण एकाहत्तर वर्षांच्या पुरुषात ०.५ हा आकडा दिसला, तर मूत्रपिंडे फार उत्तम आहेत असे म्हणण्याआधी क्रिएटिनिन तयार करणारे स्नायूच कमी झाले आहेत का, हे विचारावे लागते. शिवाय स्नायू कमी असल्यामुळे क्रिएटिनिनवरून काढलेली मूत्रपिंडांची कार्यक्षमता प्रत्यक्षाहून चांगली दिसते, आणि त्यावर औषधांच्या मात्रा ठरत असतील तर तीही चूक पुढे जाते. सिस्टॅटिन सी या रक्तातील दुसऱ्या प्रथिनावरूनही मूत्रपिंडांचे काम मोजता येते आणि त्याच्यावर स्नायूंचा परिणाम बराच कमी होतो. ती तपासणी एकदा करून घ्यावी का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. प्रथिनांचे प्रमाण वाढवण्याआधी मूत्रपिंडांची खरी स्थिती कळणे आवश्यक आहे, म्हणून हा मुद्दा मी आधी मांडला.

तरुण आणि वृद्ध स्नायूंतला फरक समजून घेतला, तर पावडरीचा प्रश्न सोपा होतो. जेवणातून अमिनो आम्ले आली की स्नायू नवी प्रथिने बांधू लागतात. तरुण माणसात ही हालचाल थोड्या प्रथिनांवरही पुरेपूर होते; वय वाढले की तेवढ्याच घासाला स्नायू कमी प्रतिसाद देतात. उपलब्ध प्रयोगांच्या एका एकत्रित विश्लेषणानुसार, तरुण पुरुषांना एका वेळी शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे ०.२४ ग्रॅम प्रथिने पुरली, तर वृद्धांना तोच परिणाम मिळण्यासाठी सुमारे ०.४० ग्रॅम लागली. तुमच्या वडिलांच्या ६२ किलो वजनाला हे एका जेवणात साधारण २५ ग्रॅम होते. दिवसभराचा विचार केला तर प्रौढांसाठी दर किलोमागे ०.८ ग्रॅम हे किमान प्रमाण सांगितले जाते, निरोगी ज्येष्ठांसाठी १ ते १.२ ग्रॅम, आणि आजारातून उठणाऱ्या ज्येष्ठांसाठी १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे त्यांच्याबाबतीत ७४ ते ९३ ग्रॅम. डायलिसिसवर नसलेल्या गंभीर मूत्रपिंडविकारात मात्र हे आकडे लागू होत नाहीत.

हे प्रमाण गाठण्यासाठी पावडर वाढवा, असे मी सांगणार नाही. उलट कमी करा. दिवसातून तीन पेले पोटात गेल्यावर जेवण निम्म्यावर येणार, यात नवल नाही, आणि तसे झाले की एकूण ऊर्जा अपुरी पडते. ऊर्जा अपुरी पडली की शरीर मोठ्या कष्टाने दिलेली प्रथिने सरळ इंधन म्हणून जाळते. दूध, दही, डाळी, अंडी, मासे यांपैकी त्यांना जे रुचते आणि पचते, ते प्रत्येक जेवणात ठळकपणे असू द्या. बहुतेक घरांत सकाळच्या खाण्यात प्रथिने सर्वांत कमी असतात, म्हणून पावडरीचा एकच पेला ठेवायचा झाला तर तो तिथे ठेवा, आणि जेवणाच्या आधी नव्हे तर खाण्यासोबत किंवा व्यायामानंतर द्या. चावायला त्रास होत असेल तर दात किंवा कवळी तपासून घ्या. वृद्धांच्या कमी जेवणाचे हे अत्यंत साधे आणि हमखास दुर्लक्षिले जाणारे कारण आहे.

परंतु अन्न ही केवळ सामग्री झाली. ती स्नायूत बांधली जावी यासाठी स्नायूवर भार पडावा लागतो. १९९४ साली अमेरिकेत शुश्रूषागृहातील शंभर अतिवृद्धांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचे सरासरी वय ८७ होते. काहींना दहा आठवडे पायांच्या ताकदीचा व्यायाम दिला, काहींना पोषक पेय, काहींना दोन्ही, आणि काहींना दोन्हींपैकी काहीच नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून अधिक झाली. नुसते पेय घेणाऱ्यांच्या अशक्तपणात फरक पडला नाही. सत्त्याऐंशीव्या वर्षी हे होऊ शकत असेल, तर एकाहत्तरी हे काही उशिराचे वय नाही.

सुरुवात त्या खुर्चीपासूनच करा. हातांची, न हलणारी, पाठीमागून भिंतीला टेकवलेली खुर्ची घ्या. आज ते कसे उठतात ते शेजारी उभे राहून एकदा नीट पाहा : आधी काठाशी सरकतात, मग पुढे-मागे एक-दोन झोके घेतात, तळवे खुर्चीच्या हातांवर दाबतात आणि उठल्यावर क्षणभर थांबतात. प्रत्येक टप्पा मांड्यांत नसलेले बळ कुठून तरी उसने आणण्यासाठी आहे. खुर्चीवर एक घट्ट उशी ठेवून बैठक उंच केली की उठणे लगेच सोपे होते. तिथून प्रारंभ करावा. पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्यावीत, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतके वाकावे आणि उठावे. बसताना धपकन बसू देऊ नका, मनात तीन मोजत हळूहळू खाली यायला सांगा. स्नायूला खरा व्यायाम उठण्याइतकाच या उतरण्यात होतो. दोन-तीनदा विसावा घेऊन जमेल तितक्या वेळा, एक दिवसाआड. आठ-दहा वेळा सहज जमू लागले की उशी काढा, मग हातांचा आधार एका हातावर आणा, मग सोडा. चालणे चालू ठेवावेच, पण नुसत्या चालण्याने मांड्यांचे गेलेले बळ परत येईल अशी अपेक्षा ठेवू नका. छातीत दुखणे, गरगरणे किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप लागणे यांपैकी काही झाले तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. तोल जात असेल तर पहिले काही दिवस फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली करा.

स्नायूंची मोजणीही याच खुर्चीवर होते. हात छातीवर दुमडून, आधाराशिवाय सलग पाच वेळा उठायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहायचे. स्नायूंच्या झिजेचा अभ्यास करणाऱ्या आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा अधिक लागले, आणि युरोपीय गटाच्या निकषांनुसार १५ सेकंदांहून अधिक लागले, तर पुढील तपासणी करावी. तज्ज्ञ मुठीची पकडही उपकरणावर मोजतात. आशियाई गटाने पुरुषांसाठी २८ किलोंपेक्षा कमी आणि स्त्रियांसाठी १८ किलोंपेक्षा कमी ही पकड दुर्बल ठरवली आहे. पोटरीचा सर्वांत जाड घेर पुरुषांत ३४ आणि स्त्रियांत ३३ सेंटिमीटरहून कमी असणे हीही एक खूण आहे, मात्र पायांवर सूज असेल तर घेर फसवा निघतो. वयपरत्वे स्नायू आणि त्यांचे बळ घटण्याच्या या स्थितीला ‘सार्कोपेनिया’ म्हणतात आणि वैद्यकशास्त्र आता तिला रीतसर आजार मानते. लक्षात घ्या, या निकषांत अल्ब्युमिन कुठेच नाही.

स्नायूंविषयी सांगणारे रक्तातले एखादे प्रथिन असायला हवे, असे तुम्हाला वाटले तर ते स्वाभाविक आहे, आणि संशोधकांनीही तसा शोध घेतला आहे. स्नायूंच्या वाढीला लगाम घालणारे मायोस्टॅटिन हे प्रथिन १९९७ साली उजेडात आले. ते निकामी केलेल्या उंदरांचे स्नायू अवाढव्य झाले. साहजिकच वृद्धांच्या रक्तात ते वाढलेले असेल, असा तर्क झाला, पण तरुण-वृद्धांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळले नाहीत. त्याच्याच भावंडासारखे असलेले जीडीएफ-११ वयानुसार घटते आणि ते दिल्याने उंदरांचे स्नायू पुन्हा तरुण होतात, असे २०१३-१४ मध्ये जाहीर झाले. २०१५ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवले की मोजण्याच्या पद्धतीत ही दोन प्रथिने एकमेकांत मिसळत होती. अशी तपासणी कोणी पैसे घेऊन करून देत असेल, तर आज तरी तिच्या वाटेला जाऊ नका.

आता तुमच्याविषयी. ४.७ हे अल्ब्युमिन एवढेच सांगते की यकृत काम करते आहे, मूत्रपिंडांतून प्रथिने गळत नसावीत आणि मोठा दाह चालू नसावा. शरीरात पाणी कमी असेल तरी हा आकडा वर जातो. इतकेच काय, झोपलेल्या माणसाच्या तुलनेत उभ्या माणसाचे रक्त घेतले तरी तो काहीसा जास्त येतो. तुमच्या मांड्यांचा त्याच्याशी संबंध नाही. छत्तिसाव्या वर्षी पाच वेळा खुर्चीवरून उठणे तुम्हाला इतके सोपे जाईल की त्यातूनही फारसे काही कळणार नाही, आणि या वयातली खरी अडचण तीच आहे. घट मंद असते, साठा पुरेसा असतो, म्हणून ती जाणवत नाही. एखाद्या आजारपणात तो साठा उपसावा लागतो तेव्हा किती होता ते कळते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार सर्व प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. तुम्ही तो आता सुरू केलात, तर एक सूचना : जोरदार व्यायामानंतर दोन-चार दिवसांत रक्त तपासू नका. क्रिएटिन कायनेज आणि यकृताच्या तपासणीत मोजला जाणारा एसजीओटी हे घटक ताणलेल्या स्नायूंतून रक्तात येतात आणि यकृत बिघडल्याचा खोटा धसका बसतो.

अल्ब्युमिनची तपासणी दर महिन्याला करण्याची गरज नाही. आणखी दोन महिन्यांनी एकदा करा आणि तिच्यासोबत सी-रिअॅक्टिव्ह प्रोटीन व लघवीतील अल्ब्युमिनही तपासून घ्या, म्हणजे आकड्याचा अर्थ लावता येईल. एकूण प्रथिनांतून अल्ब्युमिन वजा केले की ग्लोब्युलिन मिळते. वडिलांचे ते ३.० येते, त्यात वावगे काही नाही. हा फरक बराच मोठा येत असेल, तर प्रथिनांचे इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिने वेगवेगळी करून पाहण्याची तपासणी, करावे लागते, कारण काही रक्तविकारांची पहिली खूण तिथे दिसते. संसर्ग पूर्ण बरा होऊनही अल्ब्युमिन पुन्हा ३.५ च्या खाली गेले, पायांवर सूज आली, लघवीला फेस येऊ लागला, डोळे पिवळे दिसले, जुलाब थांबेनात किंवा वजन घटतच राहिले, तर दोन महिने थांबू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

तोपर्यंत एक वही करा. दर पंधरा दिवसांनी, शक्यतो सकाळच्या त्याच वेळी आणि त्याच खुर्चीवर, वडिलांचे वजन, पाच वेळा उठायला लागलेले सेकंद, आणि उशी किंवा हातांचा आधार होता की नाही हे लिहून ठेवा, आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना प्रयोगशाळेच्या अहवालाबरोबर तीही दाखवा. पहिल्या दिवशी त्यांना हातांच्या आधाराने तीनच वेळा उठता आले, तर तसेच ‘तीन, हात टेकून’ असे लिहा.